ती बाटली डॉक्टरांकडेच राहू द्या

डोळ्यांच्या दवाखान्यात प्रामुख्याने दोन प्रकारचे थेंब घालतात आणि आपण दोन्हींना "ते थेंब" म्हणून मोकळे होतो. एक बाहुली मोठी करणारे. ते घालून अर्धा तास बाकावर बसवतात, आणि मग बाहेर उन्हात गेलं की डोळे दिपतात. दुसरे डोळा बधिर करणारे, बहुतेक वेळा प्रोपॅराकेन ०.५ टक्के. हे अर्ध्या मिनिटात काम सुरू करतात आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांत त्यांचा असर ओसरतो. आज लिहायचंय ते या दुसऱ्यांबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकतो: ही बाटली दवाखान्याबाहेर पडताच कामा नये.

औषध वाईट आहे म्हणून नव्हे हं. उलट फार गुणाचं आहे. १८८४ च्या आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे जागा माणूस आणि त्याला धरून ठेवणारे चार हात. क्लोरोफॉर्म द्यावा तर नंतर उलट्या, आणि ताज्या कापलेल्या डोळ्याला उलटीचा ताण म्हणजे संकटच. त्या वर्षी व्हिएन्नातल्या कार्ल कोलर नावाच्या २६ वर्षांच्या डॉक्टरने कोकेनचं द्रावण आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घालून टाचणीने टोचून पाहिलं. काही कळलं नाही! सप्टेंबरात हायडेलबर्गच्या परिषदेत ही बातमी जाहीर झाली, पण कोलरकडे तिथवर जायला पैसे नव्हते म्हणून निबंध दुसऱ्याच डॉक्टरने वाचला. (त्याला कोकेनच्या नादाला लावणारा मित्र म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. असो, तो वेगळाच विषय आहे.)

कोकेनने बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, खराब होतो हे लवकरच कळलं आणि पुढे त्याच्या जागी दुसरी औषधं आली. आज काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजणं, रुतलेला लोखंडाचा कण काढणं, लेसिक, एवढंच काय, मोतीबिंदूची कित्येक ऑपरेशन्ससुद्धा मुख्यतः या थेंबांवर होतात. पूर्वी डोळ्याच्या मागे सुई टोचत, ती अनेकांची वाचते. पण मग डोळा हलू शकतो, हे लक्षात ठेवायचं. स्पर्श कळतो, उजेड दिसतो. खोकला येणार असेल तर आधी तोंडाने सांगायचं, मान हलवायची नाही. कॉन्टॅक्ट लेन्स आधीच काढायच्या. भुलीच्या औषधाचा पूर्वी कधी त्रास झाला असेल तर तेही सांगून टाकायचं. आणि तपासणी झाल्यावर निदान अर्धा तास डोळा चोळायचा नाही. बधिर डोळ्याला नखाचा ओरखडासुद्धा कळत नाही हो!

इथवर सगळं ठीक. घोळ होतो तो पुढे.

फॅब्रिकेशनच्या कामावर काच न लावता वेल्डिंग केलं की रात्री डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं. अशा वेळी कोणीतरी ही बाटली आणून देतो. थेंब पडला की स्वर्ग. वीस मिनिटांनी पुन्हा वाळू, पुन्हा थेंब. वास्तविक वेल्डिंगचा असा डोळा बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप बरा होतो. पण हे औषध वारंवार घातलं तर कॉर्नियाच्या वरच्या पेशींना ते विषारी ठरतं आणि जखमेवर नवी त्वचा सरकू देत नाही. पापणी कमी लवते, पाणी कमी येतं, डोळा कोरडा पडतो. म्हणजे जखम वाढते, म्हणून दुखतं, म्हणून थेंब, म्हणून जखम वाढते. आमच्या भाषेत इन्फायनाइट लूप, आणि बाहेर पडायची अट कोणी लिहिलेलीच नाही.

शेवटी कॉर्नियावर पांढरं कडं येतं, क्वचित भोकही पडतं. त्यात गंमत (?) अशी की हे कडं काही जंतुसंसर्गांसारखंच दिसतं. पेशंट खिशातल्या बाटलीबद्दल बोलत नाही आणि डॉक्टर भलत्याच जंतूच्या मागे लागतात. सर्व्हरचा अलार्म म्यूट करून ठेवायचा, आणि कोणी विचारलं तर म्यूट केल्याचंही सांगायचं नाही, तशातली गत.

"मग काय माणसाने रात्रभर कळ सोसायची?" हा प्रश्न रास्त आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने साध्या ओरखड्यासाठी सूट दिली आहे: पहिले २४ तासच, आणि एकूण औषध दीड ते दोन मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. तेही डॉक्टरने डोळा तपासून, ओरखडा खरंच साधा आहे याची खात्री करून. मोजून दिलं तर माझी काही हरकत नाही. पण आपल्याकडे काउंटरवर मिळते ती ५ मिलिलिटरची अख्खी बाटली. त्यात शंभरेक थेंब असतात, आणि रात्री तीन वाजता कळा मारत असताना थेंब मोजत बसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

तेव्हा दुकानदाराने ती चिठ्ठीशिवाय देऊ नये, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने डोळा न तपासता लिहू नये. वेल्डिंगवाल्याला पोटात घ्यायची वेदनाशामक गोळी, डॉक्टरने सांगितलेलं मलम आणि दोन दिवस सुट्टी एवढं पुरतं. सुट्टी बहुतेक वेळा मिळत नाही, आणि बाटली खिशात येते ती त्यामुळेच. काच लावलेला मास्क आणि दोन दिवसांची पगारी रजा हा खर्च वर्कशॉपच्या मालकाने करायला हवा.

आणि तुमच्यापैकी कोणी अशी बाटली आधीच वापरत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना ती बरोबर न्या आणि टेबलावर ठेवा.