मशीन कोणाचं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. हातात भाच्याचा मोबाइल. त्यावर जुन्या वस्तूंच्या विक्रीची एक जाहिरात उघडलेली. शिलाई मशीनचा फोटो आणि खाली, 'चालू स्थितीत, ३,५०० रुपये, लगेच देणे आहे.' ती म्हणाली, "ताई, हे माझं मशीन. मागे दिसतोय तो पडदाही मीच शिवलेला."

लग्नात आईने दिलेलं मशीन. त्यावर ब्लाऊज शिवून, पिको-फॉल करून तिने दहा वर्षं घर चालवलं. मारहाण असह्य झाली तेव्हा मुलांना घेऊन ती अंगावरच्या साडीनिशी बाहेर पडली. मशीन मागे राहिलं. चार महिन्यांनी नवऱ्याने ते बाजारात मांडलं.

आम्ही तिघीजणी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी फोटो नीट पाहिला, पण विकणारा नवराच आहे कळल्यावर मोबाइल परत केला. "मग चोरी कशी? घरातलीच वस्तू ना? आपसात मिटवा." हीच वस्तू रस्त्यावरून कोणी पळवली असती तर? उंबऱ्याच्या आत बाईच्या मालकीचं काही असू शकतं, हेच आपल्याकडे कोणाला पटत नाही. तिच्या सख्ख्या भावालाही नव्हतं पटलं. "जाऊ दे, नवीन घेऊ," म्हणाला. (अजून घेतलेलं नाही.)

चूक आमचीही झाली. आम्ही 'चोरी' हाच शब्द धरून बसलो. योग्य शब्द होता विश्वासघात. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधनाची पूर्ण मालकी बाईची. सासरी ते राहतं ते सांभाळण्यापुरतं. मागूनही दिलं नाही, परस्पर विकलं, तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. पूर्वी त्यासाठी दंड विधानाचं ४०६ कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१६ आहे. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन विकायला मनाई करू शकतात, ते परत द्यायला लावू शकतात. घर सोडून बरेच दिवस झाले म्हणून हक्क जात नाही. स्त्रीधन अडवून ठेवणं हा चालूच राहणारा गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कृष्णा भट्टाचार्जी खटल्यात म्हटलं आहे. हे सगळं कागदावर लिहून पुन्हा ठाण्यात गेलो, तेव्हा निदान अर्ज तरी घेतला गेला.

दुसरी चूक भाच्याची. पोरगं चिडलं आणि त्याने विकणाऱ्याला लिहिलं, 'हे माझ्या मावशीचं मशीन आहे.' संध्याकाळपर्यंत जाहिरात गायब! म्हणून मैत्रिणींनो, अशी वस्तू दिसली तर आधी तोंड बंद ठेवा. जाहिरातीचा फोटो घ्या, त्यात तारीख, विकणाऱ्याचं नाव, पानाचा पत्ता आला पाहिजे. गिऱ्हाईक बनून एकटीने त्या घरी जाण्याचं धाडस करू नका. तिथे मारणारा माणूस राहतो. आणि पुरावा शोधा. लग्नातल्या 'याद्या' आपल्याकडे किती हौसेने होतात! मानपान कोणाचा, आहेर कोणाला, सगळं लिहितात. मुलीला काय दिलं याची सही केलेली यादी ठेवावी, असा १९८५ चा नियम आहे, पण मी ती यादी आजवर एकाही बाईकडे पाहिली नाही. आमच्या बाईला वाचवलं ते मशीन दुरुस्तीवाल्याने. त्याच्या जुन्या पावतीवर मशीनचा नंबर होता.

त्यानेच मशीनचा पत्ताही सांगितला. दोन गल्ल्या पलीकडच्या एका बाईने ते विकत घेतलं होतं, बचत गटातून कर्ज काढून.

कायदा इथेही स्पष्ट आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार, जो मालक नाही त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूची मालकी सहसा मिळत नाही. घेणाऱ्याने आपले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करायचे. पण तिच्या दारात उभं राहिल्यावर आमच्यापैकी कोणालाच हे वाक्य बोलवेना. दोन बाया, एक मशीन, आणि ३,५०० रुपये खिशात घालून तिसराच मोकळा.

केंद्रात यावर भांडण झालं. काहीजणी म्हणाल्या, नवऱ्याकडून किंमत वसूल करू, आपल्या बाईला दुसरं मशीन घेऊन देऊ. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही. बाईच्या वस्तूची नेहमी किंमतच पुढे केली जाते, वस्तू कधी परत मिळत नाही. अशाने नवऱ्याने केलेली विक्री आपणच पक्की करतो. मशीन परत यावं, आणि त्या दुसरीचे पैसे नवऱ्याकडून काढायला आपणच तिच्या पाठीशी उभं राहावं.

शेवटी आमची बाईच म्हणाली, "तिचे पैसे तिला मिळाल्याशिवाय मी मशीन उचलणार नाही. पण ते माझं आहे, हे तिने लिहून द्यावं." तिने दिलं. आता दोघींचे अर्ज आहेत, पुढच्या महिन्यात तारीख आहे. तोवर मशीन त्या दुसरीकडेच आहे. निघताना आमची बाई तिला सांगून आली, पट्टा सैल झालाय, बदलून घे, नाहीतर टाका सुटेल.