आयसी की एनसी?

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघे काठमांडूला गेलो. सकाळी स्वयंभूच्या ३६५ पायऱ्या चढलो, दुपारी बौद्धनाथचा भव्य स्तूप पाहिला. २०१५ च्या भूकंपात त्याच्या कळसाला तडे गेले होते. २०१६ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी याच शहरात आले होते, हे मुलांना सांगताना ऊर भरून आला.

संध्याकाळी असनच्या बाजारात सौ.ने शाल पसंत केली. दुकानदाराने आठशे सांगितले. मी शंभराच्या आठ नोटा मोजून दिल्या. बाहेर आल्यावर आठवीतली मुलगी म्हणाली, “पप्पा, आयसी की एनसी, विचारलंत का?” म्हणजे भारतीय की नेपाळी रुपये? आपल्या १०० रुपयांचे तेथे १६० होतात. शाल होती आपल्या पाचशेची!

बी.कॉम. झालेला मी ओशाळलो. “जाऊ दे,” म्हणालो. पण ते तीनशे म्हणजे आमचे परतीच्या वाटेवरचे जेवण होते. मुलगीच परत गेली, नम्रपणे बोलली आणि ४८० नेपाळी रुपये घेऊन आली.

परमुलखात भाव विचारताना चलनही विचारावे. आणि चूक कळल्यावर मागे फिरायला लाजू नये. हे मला लेकीने शिकवले.