कोयता फडात, मग बागेत कात्री कोण चालवणार? सीताफळाच्या नव्या बागांचा हिवाळी पेच

बीड : जानेवारी लागला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात सीताफळाची झाडं पिवळी पडू लागतात. पानं गळतात, फांद्या उघड्या पडतात. झाड वाळलं की काय, असं नवख्याला वाटतं. पण तो झाडाचा विसाव्याचा काळ असतो. दोन-तीन वर्षांच्या नव्या बागेला वळण देण्यासाठी, म्हणजे पहिली छाटणी करण्यासाठी हीच वेळ योग्य. अडचण अशी की, नेमक्या याच दिवसांत जिल्ह्यातल्या अनेक नव्या बागांचा मालक बागेत नसतो. तो पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतो.

सीताफळ हे बीडचं हक्काचं पीक. डोंगरउतारावर ते आपोआप वाढतं, कमी पाण्यावर तगतं, जनावरं त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आष्टी, पाटोदा, धारूर, अंबाजोगाई या भागांतल्या हलक्या जमिनीवर फळबाग उभी करायची म्हटली की सीताफळाचं नाव आधी निघतं. ऊसतोडीच्या स्थलांतरावरचा उपाय म्हणूनही फळबागेकडे बोट दाखवलं जातं. पण बाग हातात येईपर्यंतच्या तीन-चार वर्षांचं काय, हा प्रश्न मागेच राहतो.

पहिल्या छाटणीत काय ठरतं?

सीताफळाचा नवा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली दडलेला असतो. पान गळाल्याशिवाय तो मोकळा होत नाही. म्हणून पानगळ झाल्यावर आणि नवी पालवी फुटण्याआधी कात्री लावली, तर झाडाची ताकद हव्या त्या फुटीकडे जाते.

लहान झाडात करायचं काम तसं मोजकंच. कलमाच्या जोडाखाली फुटलेले खुंटाचे फुटवे आधी काढायचे. ते राहिले तर कलम मागे पडतं आणि खुंटाचं जंगली झाडच वर येतं. जमिनीपासून दीड-दोन फूट खोड एकेरी मोकळं ठेवायचं. त्यावर चार दिशांना जाणाऱ्या तीन-चार जोमदार फांद्या राखायच्या, त्यांचे शेंडे मारायचे. आत घुसणाऱ्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि वाळलेल्या फांद्या काढायच्या. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावायची : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

हे टाळलं तर झाड मरत नाही आणि खरी गोम इथेच आहे. ते बुडापासून झुडपासारखं पसरतं. मध्यभागी ऊन-वारा पोहोचत नाही, पिठ्या ढेकूण दडून राहतो, पावसाळ्यात फळं काळी पडण्याचं प्रमाण वाढतं. फळं लागतात, पण बारीक. बाजारात सीताफळाचा भाव आकारावर ठरतो. मोठा माल वेगळा निघतो, बारीक माल मिळेल त्या दराला जातो. सहाव्या-सातव्या वर्षी जागं होऊन छाटणी केली तर मनगटाएवढ्या फांद्या तोडाव्या लागतात आणि एखादा हंगाम हातचा जातो.

योजना झाडं मोजते, वळण नाही

राज्यात फळबाग लागवडीला सरकारी मदत नवी नाही. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली १०० टक्के अनुदानाची योजना आली आणि महाराष्ट्रातल्या फळबागांचं क्षेत्र तिथून वाढत गेलं. २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली. तिचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं. पुढचा हप्ता हवा असेल तर कोरडवाहू फळझाडांत किमान ८० टक्के आणि बागायतीत ९० टक्के झाडं जिवंत असावी लागतात.

अट रास्त आहे. कागदावरच्या बागा रोखायच्या तर झाडं मोजावीच लागतील. पण या मोजणीचा एक परिणाम बांधावर दिसतो. पाच बाय पाच मीटरवर हेक्टरी ४०० कलमं बसतात. त्यातली ३२० हिरवी दिसली की काम झालं. झाड खुंटाच्या फुटव्यांनी हिरवं आहे की कलमाच्या फांदीनं, ते एकेरी खोडावर उभं आहे की बुडापासून पसरलंय, याला मोजणीत वेगळा रकाना नाही. खड्डे, कलमं, पीक संरक्षण, नांग्या भरणं ही कामं योजनेत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यातली वळण देण्याची छाटणी मात्र शेतकऱ्याच्या समजुतीवर सोडलेली आहे.

त्यात हप्ता झाडाच्या जगण्यावर असल्यानं हिरव्या फांदीला कात्री लावायला हात धजत नाही. छाटलेलं झाड पाहणीत मेलेलं धरलं तर काय, ही भीतीही असतेच.

उचल घेतलेल्याला सुट्टी नाही

ऊसतोडीचा हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मागे गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. ती झाडाला पाणी घालतील, शेळ्या हाकलतील. पण कोणती फांदी ठेवायची आणि कोणती काढायची, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणजे बाग पदरात पडेपर्यंत घर चालवायला ऊसतोडीला जावं लागतं, आणि ऊसतोडीला गेल्यामुळे बागेची घडण चुकते. पुढे फळ बारीक निघतं, पैसा कमी होतो आणि कोयता काही सुटत नाही. स्थलांतर थांबवायला लावलेली बाग अशी स्थलांतरातच अडकते.

काम दोन दिवसांचं

हा पेच काही कोट्यवधींचा नाही. एकरात साधारण १६० झाडं. दोन वर्षांच्या झाडाला पाच-सहा मिनिटं धरली तरी एका जाणत्या माणसाचं ते दोन दिवसांचं काम आहे. चांगली सिकेटर कात्री, एक लहान आरी आणि बोर्डो पेस्टची बादली, एवढाच सरंजाम. गावातल्या चार-पाच तरुणांना हे काम शिकवलं, तर जानेवारी-फेब्रुवारीत गावातल्या सगळ्या नव्या बागा उरकतील आणि त्यांनाही हंगामी रोजगार मिळेल.

शिकवणारेही दूर नाहीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईलाच आहे. धारूर-६ हे वाण तिथलंच. तिथलं ज्ञान बांधापर्यंत न्यायचं तर प्रात्यक्षिकं हिवाळ्यात आणि गावात व्हायला हवीत. दुसऱ्या वर्षीच्या पाहणीत 'वळण दिलं का' हा एक रकाना वाढवला आणि त्या दोन दिवसांची मजुरी योजनेत धरली, तर छाटणी ऐच्छिक राहणार नाही. छाटलेलं झाड जिवंतच धरावं, एवढी स्पष्ट सूचना पाहणी करणाऱ्यांना मिळाली तरी निम्मी भीती जाईल.

आज फडात असलेल्यांसाठीही वेळ पुरती गेलेली नाही. कोरडवाहू बागेत पालवी उशिरा फुटते. पट्टा पडून परतल्यावर झाड उघडं असेल तर खुंटाचे फुटवे आणि वेड्यावाकड्या फांद्या तेव्हाही काढता येतात. मात्र ऊन तापलेलं असतं, म्हणून हात राखून छाटावं आणि उघड्या पडलेल्या खोडाला बोर्डो पेस्ट लावावी. पालवी फुटली असेल तर मोठी छाटणी पुढच्या पानगळीवर ठेवावी. खुंटाचे फुटवे मात्र दिसतील तेव्हा काढावेत.