माळ्यावरचीं अवजारें आणि भंगाराचा तराजू

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघर माळे उतरविले जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत भंगाराचा व्यापारी गांवांत फेऱ्या घालूं लागतो. फुटका पाइप व मोडका पंप यांच्याबरोबर पितळेची घागर, तांब्याचा हंडा, वखराची पास, अडकित्ता, कंदील हेंहि त्याच्या तराजूंत पडतें. लांकडी वस्तूंची गति याहून वाईट. त्यांस तराजूंतहि कोणी घालीत नाहीं, त्या चुलींत जातात. इंझोरी काय किंवा मानोरा तालुक्यांतील दुसरें कोणतेंहि गांव काय, हा प्रकार इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्यांत कांहीं विचार करण्याजोगें आहे असें कोणास वाटतहि नाहीं. आम्हांस तें वाटतें. घरांतील कोणती वस्तु मोडींत घालावी आणि कोणती राखावी, हा प्रश्न बियाण्याच्या निवडीइतक्याच विचारानें सोडविण्याचा आहे. आणि त्यास फार वर्षें हातीं नाहींत, कारण या वस्तू ज्यांनीं रोजच्या कामांत वापरल्या तीं माणसें आतां सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत.

या कामाचा महाराष्ट्रांतील प्रसिद्ध दाखला पुण्यास आहे. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. त्यांची दृष्टि दिवे, अडकित्ते, भांडीं, वाद्यें, कोरीव दरवाजे अशा घरगुती वापराच्या वस्तूंवर विशेष होती. १९६० पर्यंत संग्रह सुमारें पंधरा हजार वस्तूंचा झाला आणि १९७५ सालीं तो त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लहानपणींच वारलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें. आज तेथें वीस हजारांहून अधिक वस्तु असून त्यांपैकीं सुमारें अडीच हजारच दालनांत मांडलेल्या आहेत. ज्या काळीं सुपारी कातरण्याचा अडकित्ता ही जतन करण्याची वस्तु आहे असें म्हणणारास लोक हंसले असते, त्या काळीं एका गृहस्थानें हें काम गांवोगांव फिरून केलें, हें आम्ही फार मोठें मानतों.

परंतु त्या दालनांतून फिरतांना वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतकऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत आणावी. संग्रहांत सहज शिरतें तें टिकाऊ आणि सुंदर. पितळ टिकतें, हस्तिदंत टिकतें, शिसवी लांकूड टिकतें. आपलें घर चाललें तें बाभळीच्या लांकडावर, बांबूच्या कामट्यांवर, शेणानें सारवलेल्या कणगीवर आणि कुंभाराच्या मडक्यांवर. त्यांवर वाळवी, पाऊस आणि उंदीर यांचा हक्क आधीं. शहरांतील संग्राहकास समई दिसते आणि डवरा दिसत नाहीं, यांत त्याचा अपराध नाहीं. डवरा त्याच्या घरीं कधीं नव्हताच. कायद्याचेंहि तसेंच. प्राचीन वस्तूंसंबंधींचा १९७२ चा केंद्रीय कायदा सामान्यतः शंभर वर्षें जुन्या वस्तूस संरक्षण देतो. शेतांत राबणारी तिफण शंभर वर्षें टिकते कोठें? तिचे फण बदलले जातात, दिंड बदललें जातें, आणि एके दिवशीं ती सबंधच मोडते. तेव्हां आपल्या वस्तु आपणच राखाव्या लागतील. दुसरा कोणी येईल ही आशा व्यर्थ आहे.

आणि हें करतां येतें, याचा पुरावा पाहण्यास पुण्यासहि जाणें नको. आपल्याच तालुक्यांत पोहरादेवी येथें, संत सेवालाल महाराजांच्या समाधिस्थानीं, नगाऱ्याच्या आकाराची मोठी इमारत उभी राहिली असून तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें झालें. लदेणीच्या काळीं बंजारा समाज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ घेऊन मुलूखभर हिंडे. जें बैलाच्या पाठीवर मावेल तेवढाच संसार. म्हणून त्या समाजाची कला भिंतीवर न चढतां अंगावरच्या वस्त्रांत उतरली. फेटिया आणि कांचळी यांवरील आरसे, कवड्या आणि टांक्यांचें भरतकाम पाहिलें म्हणजे हें पटतें. आज अनेक तांड्यांतील कुटुंबें आपल्यासारखींच कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवितात. शेजाऱ्यांच्या वस्तूंस घर मिळालें, आमच्या तिफणीस कां नाहीं, अशी असूया कोणी धरूं नये. त्यांनीं आपल्या आजीच्या कांचळीस किंमत दिली. आम्ही आमच्या आजीचें सूपहि उकिरड्यावर टाकलें.

मात्र इमारतीचा आकार पाहून कोणी दबून जाऊं नये. खरें काम इमारतीचें नव्हे, नोंदवहीचें आहे. तिफणीचेंच उदाहरण घ्या. दिंडांत बसविलेले तीन फण (कोठें त्यांस दाते म्हणतात), त्यांच्या मागें बांबूच्या नळ्या, त्या नळ्या वर जेथें एकत्र येतात तें लांकडी चाडें, आणि चाड्यांतून मुठीनें बीं सोडीत मागून चालणारी बाई. दोन फणांतील अंतर पिकाप्रमाणें आणि जमिनीच्या मगदुराप्रमाणें ठरे. पुढें डवरणीस जो डवरा लावावयाचा त्याची पास त्याच अंतरांत बसेल अशी करून घ्यावी लागे. नाहीं तर तण राही किंवा पीक कापलें जाई. आतां तिफण एका घरची आणि डवरा दुसऱ्या गांवचा आणून शेजारीं मांडला, तर पाहणारास दोन लांकडी सांगाडे तेवढे दिसतील. दोहोंचें नातें कोणी लिहून ठेवलें असेल तरच तीं अवजारें कांहीं सांगतील. मुठीचें तर याहून अवघड. तिन्ही नळ्यांत बीं सारखें पडावें, दाट नको, विरळ नको, आणि बैलांच्या चालीबरोबर हाताची गति राहावी, हें कसब लांकडांत नाहीं. तें हातांत होतें. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रांत तें काम फिरती चकती करते. ज्यांच्या हातीं तें कसब होतें अशा वृद्ध बाया अजून गांवोगांव आहेत. त्यांस चाड्यापाशीं उभें करून मोबाइलवर त्यांच्या हाताचें चित्रण करून ठेवण्यास किती खर्च येईल?

मापांचेंहि सांगितलें पाहिजे. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं आणि पायली, शेर, मापटें, चिपटें हीं हळूहळू व्यवहारांतून गेलीं. पण जुन्या कागदांत सालदाराचें धान्य कुडवानें लिहिलेलें असतें, बलुतेदाराचा वाटा पायलीनें. पायली सर्वत्र एका आकाराची नव्हती. मुलखागणिक तींत फरक पडे. गांवची जुनी पायली मोडींत गेली म्हणजे त्या कागदाचा अर्थहि तिच्याबरोबर गेला. भांड्यांवर ठोकलेल्या नांवांची गोष्ट तशीच. कोणत्या सालीं, कोणाच्या लग्नांत, कोणी, कोणाच्या स्मरणार्थ तें भांडें दिलें, हें हंड्याच्या कांठावर ठिपक्यांनीं कोरलेलें असतें. गांवांतील सोयरिकींची एवढी खात्रीलायक टिपणें दुसरीकडे क्वचित् सांपडतील. भंगारवाला तीं किलोच्या भावानें घेतो. आम्ही भांडें विकूं नका असें म्हणत नाहीं. गरज पडल्यास विकावें लागतेंच. विकण्यापूर्वीं त्यावरील अक्षरें वहींत उतरवून घ्यावीं, एवढेंच म्हणणें आहे.

येथें एक आक्षेप आम्हांस ऐकूं येतो, आणि तो बहुधा घरांतूनच येईल. जात्यावर पहाटे उठून दळलें, उखळांत कांडलें, दुरून पाणी वाहिलें त्या बाया म्हणतील कीं तें सगळें गेलें तें बरें झालें. आतां त्याचें कौतुक कशाला? हा आक्षेप अगदीं रास्त आहे. विजेची गिरणी आली आणि बायांच्या खांद्यावरचा एक भार उतरला, यांत वाईट कांहीं झालें नाहीं. हमरस्त्यावरील ढाब्यांत बैलगाडीचें चाक रंगवून टांगतात आणि जात्यावर फुलझाडाची कुंडी ठेवतात, त्या प्रकारच्या हौसेशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. उलट, जातें राखावें तें त्यावर किती दळावें लागे हें नातीस कळावें म्हणून. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आतां पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेच्या द्वारें लोकांपुढें येत आहेत. त्यांत माहेरची ओढ आहे, विठ्ठल आहे, तसेंच सासरचें कष्ट आणि नवऱ्याचा जाचहि आहे. ज्या घरीं जातें राखलें जाईल त्या घरीं वृद्ध बाईस आठवतील तेवढ्या ओव्या त्याच नोंदींत उतरवून घ्याव्या. आणि तें काम मुलांपेक्षां सुनांनीं व मुलींनीं करावें, त्यांच्यापुढें म्हातारी मोकळें बोलेल.

कांहीं गोष्टी तर संग्रहांत ठेवतांच येत नाहींत. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या मुली भुलाबाई मांडतात. कुंभारानें केलेल्या मातीच्या भुलोजी-भुलाबाईच्या मूर्ति आणि कोजागिरीस त्यांवर ज्वारीच्या धांड्यांची खोपडी. मूर्ति कपाटांत राहील. धांडे कोठून आणावयाचे? आपल्या शिवारांत सोयाबीन पसरलें आणि ज्वारीचा पेरा इतका घटला कीं पांच धांडे शोधण्यास हिंडावें लागतें. येथें पीकपद्धतीचा आणि लोककलेचा संबंध उघड दिसतो. तान्ह्या पोळ्याचे लांकडी बैल अजून होतात, पण घरचा सुतार बाभळीच्या तुकड्यांतून जो कोरून देई तो आणि बाजारांतून आणलेला तो, यांत पुष्कळ अंतर आहे. अशा वस्तु जपण्याचा उपाय एकच, त्या करीत राहणें. आणि त्या करणारा कुंभार-सुतार गांवांत टिकावयाचा तर त्याचें काम पैसे देऊन घेतलें पाहिजे.

वस्तूंच्या संग्रहाचा उपयोग कामाकडे कसा वळवितां येतो, हें वर्धा येथें पाहण्यास मिळतें. तेथील मगन संग्रहालयाचें उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजीं महात्मा गांधींनीं केलें. चरखे, घाणे आणि ग्रामोद्योगांचीं साधनें तेथें मांडण्याचा हेतु जुन्याची आठवण हा नव्हता. त्यांत सुधारणा व्हावी आणि खेड्यास धंदा मिळावा हा होता. गोव्यांत बाणावली येथें व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनीं उभारलेलें 'गोवा चित्र' हें संग्रहालय २००९ सालीं लोकांस खुलें झालें. त्यांत चार हजारांहून अधिक वस्तु आहेत, आणि त्यांचा मोठा भाग शेतीचीं अवजारें व शेतकऱ्याच्या घरचीं साधनें यांचा आहे. इमारतहि मोडलेल्या जुन्या घरांचें दार-खिडक्यांचें सामान वापरून बांधलेली आहे. एका माणसाच्या चिकाटीनें जें तेथें झालें तें एका गांवाच्या चिकाटीनें लहान प्रमाणांत कां होऊं नये?

आमची सूचना साधी आहे. इंझोरीस वा शेजारच्या गांवीं नवी इमारत बांधूं नये, देणगीची पावतीपुस्तकें छापूं नयेत. शाळेची, ग्रामपंचायतीची किंवा सोसायटीच्या गुदामाची एक कोरडी खोली पुरे. वस्तु मालकानें देऊन टाकावी असेंहि नाहीं. ज्याची त्याच्या नांवानें ठेवावी आणि मागेल तेव्हां परत द्यावी. नाहीं तर वांटण्यांच्या भांडणांत हा संग्रह अडकेल आणि कुलूप लागून धूळ खाईल. धूळ खाण्याची भीति खरी आहे. आपल्या गांवांतून अशीं कुलपें पुष्कळ आहेत. म्हणून किल्ली एकाजवळ असावी व त्याचें नांव दारावर लिहिलेलें असावें, आणि वर्षांतून निदान दोनदां, पोळ्यास व दसऱ्यास, सर्व वस्तु बाहेर काढून पुसाव्या आणि शाळेंतील मुलांच्या हातीं द्याव्या. लांकडी अवजारें भिंतीस किंवा जमिनीस टेकवूं नयेत, विटांवर ठेवावीं. त्यांस ऑइलपेंट फासूं नये. रंगाखालीं हाताच्या घट्ट्यांनीं झिजलेली जागा झांकली जाते, आणि अवजार कसें धरीत हें त्या झिजेवरूनच कळतें. पितळेची भांडीं चकचकीत करण्याच्या नादांत त्यांवरील अक्षरें घांसून टाकूं नयेत.

नोंदवहींत प्रत्येक वस्तूस एक पान द्यावें. गांवांत तिला काय म्हणत तेंच नांव वर लिहावें, पुस्तकी नांव नको. मग लांकूड किंवा धातु कोणता, कोणी घडविली, लांबी-रुंदी, कोणत्या कामास, कोणत्या महिन्यांत, कोण वापरी, केव्हां आणि कां बंद पडली, आणि ही माहिती कोणी सांगितली, हें सारें सांगणाराच्या बोलींतच उतरावें. येत्या दिवाळीस माळा उतरवाल तेव्हां भंगारवाला दारीं येण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील बाईस ओसरीवर बसवून एकेक वस्तु तिच्या हातीं द्यावी आणि वहीचें पहिलें पान त्याच दिवशीं लिहावें.