न दिसणारा सांधा

गेल्या महिन्यात खानवेलच्या बाजारात एका भगिनीने आम्हाला थांबवले आणि आपले गाऱ्हाणे सांगितले. "भाऊ, आमच्या धाकट्याला तुम्ही तरी दोन शब्द सांगा. पंप दुरुस्त करतो, मोटारसायकलींची वायरिंग करतो, चार पैसे घरी आणतो. आता मात्र विमानाच्या गोष्टी करू लागला आहे. घरी बसून कोणी विमान बांधते का?" त्या माउलीच्या बोलण्यात राग थोडा होता, भीती अधिक होती. आम्ही संध्याकाळी घरी येण्याचे कबूल केले. तेथे जे बोलणे झाले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण असा एखादा धाकटा पुष्कळ घरांत असतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आईलाच दिले. बांधतात, बाई, आणि तेही आपल्या मराठी मुलखात. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. त्याची सरकारी नोंदणी होण्यास नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि धुळ्याला उड्डाणाच्या चाचण्या झाल्या त्या २०२० मध्ये. आधीचे प्रयत्न धरले तर या खटाटोपात दोन दशके गेली. अमेरिकेत अशा घरगुती विमानांना कायद्यातच जागा आहे. अट एवढीच की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे.

हे ऐकून मुलाचा चेहरा खुलला. तो म्हणाला, "काका, पत्रा आणि इंजिन माझ्या आवाक्यातले नाही, हे मला कळते. पण तारा जोडणे मला येते. पंपाची वीज आणि विमानाची वीज काय वेगळी असते?"

वीज वेगळी नसते. वेगळी असते ती चुकीची किंमत. पंप बंद पडला तर पाणी एक दिवस उशिरा मिळते. मोटारसायकल थांबली तर माणूस ती रस्त्याच्या कडेला लावतो. आकाशात रस्त्याला कडा नाही. आमचाच एक अनुभव आम्ही त्याला सांगितला. घरच्या रेडिओची तुटलेली तार आम्ही नुसता पीळ देऊन जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि स्वतःवर खूश झालो. नाताळच्या आदल्या रात्री सारे घर रेडिओभोवती बसले असता तो मुका झाला. पट्टीखाली पीळ केव्हाच सैल झाला होता. मुलांनी आम्हाला हसून घेतले आणि प्रकरण तेथेच मिटले. विमानात ते तेथे मिटत नाही.

विमानाचे इंजिन सुरू असेतोवर प्रत्येक तार थरथरत असते. घराच्या भिंतीत चालणारी एकेरी जाड तार येथे वाकून वाकून मोडते; म्हणून विमानात अनेक बारीक तंतूंची, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतात. तारेच्या टोकाला थिंबल बसवताना ते योग्य मापाच्या क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबतात. दातांनी किंवा हातोडीने नव्हे. सोल्डरही वाईट नाही. परंतु सोल्डर तंतूंमध्ये मुरते तेथवर तार कडक होते आणि जेथे कडकपणा संपतो नेमकी तेथेच ती थरथरून तुटते. म्हणून सोल्डर केलेल्या सांध्याला आधार द्यावा लागतो. तारेचे वेष्टनही पाहून घ्यावे लागते. साध्या प्लॅस्टिकचे वेष्टन जळाले तर त्याचा विषारी धूर बंद कोठडीत बसलेल्या वैमानिकाला डोळे उघडू देणार नाही.

"फ्यूज कशासाठी असतो?" आम्ही विचारले. "रेडिओ वाचवण्यासाठी," मुलाने चटकन सांगितले. पुष्कळांना असेच वाटते. वास्तविक फ्यूज तारेला वाचवतो. तार जेवढा प्रवाह सोसू शकते त्याहून कमी प्रवाहावर फ्यूज तुटला पाहिजे. नाही तर तारच शेगडीप्रमाणे तापते. आपल्याकडे फ्यूज उडाला की तांब्याचा जाड तुकडा घालून मोकळे होण्याची रीत आहे. मुलाने मान खाली घातली. ही रीत त्याच्याही हातात होती.

मग आम्ही त्याला असा सांधा सांगितला, जो तुटल्यावर वीज बंद होत नाही, उलट जिवंत राहते. पुष्कळशा लहान विमानांच्या इंजिनांत ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. ती मॅग्नेटो नावाचे यंत्र स्वतः निर्माण करते. बॅटरी संपली तरी इंजिन चालत राहावे, ही त्यामागची योजना. अशा मॅग्नेटोला बंद करण्यासाठी एक तार इंजिनाच्या धातूशी जोडावी लागते. बटण फिरवले की हीच जोडणी होते. ती तार तुटली तर बटण 'बंद' दाखवते आणि मॅग्नेटो मात्र जागा असतो. मग कोणी पंखा हाताने सहज फिरवला आणि इंजिनाने एक उसळी घेतली, तर त्या माणसाचा हात जातो किंवा जीव जातो. आई एवढा वेळ चुलीपाशी होती. हे ऐकून ती बाहेर येऊन बसली.

रेडिओचे शास्त्र याहून नाजूक. विमाने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात आणि संकटाच्या हाकेसाठी १२१.५ ही जागा राखलेली आहे. या पट्ट्यासाठी उभ्या एरियलची लांबी लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे सुमारे ५८ सेंटिमीटर, सव्वा हातभर असते. तथापि एकटा दांडा पुरत नाही. त्याच्या पायाशी धातूचा पसारा लागतो. पत्र्याच्या विमानाला तो आयताच मिळतो. लाकडाच्या, कापडाच्या किंवा काचतंतूच्या विमानात मात्र आतून धातूच्या पट्ट्या पसराव्या लागतात. नाही तर महागडा रेडिओही कुजबुजत राहतो. शिवाय या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगराआड गेलेल्या मोबाइलची गत काय होते हे खानवेलच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

कानात येणारी शिट्टी हा आणखी एक उपद्रव. इंजिनाबरोबर तिचा सूर चढतो आणि उतरतो. पुष्कळदा लोक रेडिओला दोष देतात आणि दोष असतो अर्थिंगचा. प्रत्येक उपकरणाची परतीची तार जवळ दिसेल त्या पत्र्याला जोडली की अल्टरनेटरचा प्रवाह आणि माणसाचा आवाज एकाच वाटेने परत येऊ लागतात आणि एकमेकांत मिसळतात. उपाय साधा आहे. साऱ्या परतीच्या तारा एकाच जागी आणाव्यात; श्रवणयंत्राची खोबण पत्र्यापासून अलग ठेवावी; आवाजाच्या तारेवरील जाळी एकाच टोकाला जोडावी. होकायंत्राजवळून तार न्यावीच लागली, तर जाणारी आणि येणारी यांना एकमेकींत पीळ द्यावा, म्हणजे सुई भरकटत नाही.

मुलगा एवढे ऐकून गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "हे सारे मुंबईच्या लोकांचे काम, काका. आमच्या खेड्यातून काय निघणार?"

यावर आम्ही त्याला त्याच्याच गावचा इतिहास सांगितला. १९५४ च्या ऑगस्टमध्ये सिल्वासा मुक्त झाले तेव्हा पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलकडे मागे हटला आणि ११ ऑगस्टला उदवा येथे शरण आला. या नगर हवेलीच्या मुक्तीत पोर्तुगिजांची दोन बिनतारी यंत्रे स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती आली. त्यांतूनच गोव्यासाठी गुप्त प्रक्षेपक तयार करण्यात आला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी त्याचा आवाज सुरू झाला. प्रथम आंबोलीच्या रानातून आणि पुढे कॅसलरॉकहून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी कोकणी व पोर्तुगीज भाषांतून तो १९६१ पर्यंत चालवला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा याच दोघांनी ध्वनिवर्धक बसवलेल्या विमानातून गोव्यावर फिरत ती वार्ता लोकांना ऐकवली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीला, पद्मश्री मिळाली. रानात, पावसात, सहा वर्षे तो आवाज ज्या सांध्यांवर टिकला, ते सांधे ऐकणाऱ्यांपैकी कोणीही पाहिले नव्हते.

कायद्याची गोष्टही आम्ही लपवली नाही. आपल्या देशात नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी यांवाचून विमान उडवता येत नाही. विमानातील रेडिओला परवाना लागतो आणि त्यावर बोलणाऱ्यालाही प्रमाणपत्र लागते. परवान्याशिवाय हवेत आवाज सोडणे हा गुन्हा आहे. परंतु हौशी रेडिओची, ज्याला लोक 'हॅम' म्हणतात त्याची, सरकारी परीक्षा बारा वर्षांवरील कोणालाही देता येते. उत्तीर्ण झालेल्याला आपल्या हातांनी यंत्र बांधून, ठरवून दिलेल्या पट्ट्यांत, जगाशी बोलता येते. आकाशाच्या जिन्याची ही पहिली पायरी जमिनीवरच आहे.

निघण्यापूर्वी मुलाने आपल्या पेटीतून दोन तारा आणल्या. दोन्हींच्या टोकांना त्याने थिंबल बसवली होती आणि दोन्ही दिसायला सारखी सुबक होती. आम्ही त्या आईच्या हाती दिल्या आणि म्हटले, "बाई, ओढून पाहा." भाताची रोपे उपटणारे हात ते. पहिला सांधा टिकला. दुसऱ्यातून तार अलगद निसटून बाहेर आली.

मुलगा काही बोलला नाही. त्याने तारेचे ते टोक कापून टाकले, नवे थिंबल घेतले, पक्कड नीट धरली आणि दाबले. मग तार पुन्हा आईपुढे केली. तिने पदर खोचला आणि सारे बळ लावून ओढली. या वेळी ती निघाली नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच आहे. मुलाचे विमान हसून उडवून लावू नका आणि डोळे मिटून त्याच्या हाती पैसेही देऊ नका. त्याने जोडलेली तार ओढून पाहा. निघाली तर पुन्हा जोडायला लावा. त्या माउलीचा आता आम्हाला निरोप आला आहे की घरातील प्रत्येक तार ती रोज ओढून पाहते आणि मुलगा हॅमच्या परीक्षेचे पुस्तक मागतो आहे. पुस्तक आम्ही पाठवीत आहोत.