लाडू वळणारे हात, तिळगूळ घेणारे हात



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा संक्रांत तोंडावर आलेली असेल. बचतगटांच्या बैठकांमध्ये तिळगुळाची वर्गणी ठरत असेल. यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीची वेचणी अजून उरकलेली नसेल, आणि दिवसभर वावरात वाकून आलेल्या बाईला रात्री पुन्हा चुलीपुढे बसून गुळाचा पाक करायचा असेल. म्हणून या वेळचं संपादकीय मी लाडवांवर लिहायचं ठरवलं. निवेदनं, मोर्चे आणि कोर्टाच्या तारखांच्या या पानावर लाडू कशाला, असं एखादी विचारील. तिला माझा उलट प्रश्न आहे : सणाचं गोड कोण करतं, कोण वाटतं आणि कुणाच्या हातावर ते ठेवलं जात नाही, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे का?

आधी कृती सांगते. या लाडवांना चूल लागत नाही. पाक नाही, म्हणून हात भाजायची भीती नाही, सरपण नाही की सिलिंडरची काळजी नाही. एक किलो बिया काढलेला खजूर, अर्धा किलो तीळ, पाव किलो भाजके शेंगदाणे आणि २०० ग्रॅम मीठ न घातलेलं बोरकूट घ्या. तीळ निवडून दिवसभर कडक उन्हात ठेवा. शेंगदाणे बाजारातून भाजलेलेच आणा. बोरकूट मात्र विकत आणायची गरज नाही. धुऱ्यावरची बोरं आपल्याकडे पोरंबाया वेचतातच. ती खडखडीत वाळवायची, उखळात कुटायची आणि चाळून बिया काढून टाकायच्या. संक्रांतीच्या सुगडात आपण बोरं घालतोच, ती लाडवात आली तर खजुराच्या गोडाला छान आंबटपणा येतो.

खजूर अर्धा तास उन्हात ठेवला की मऊ होतो. तो बारीक करून खलबत्त्यात कुटा किंवा मिक्सरमधून काढा. तीळ आणि दाणे जाडसर कुटून घ्या. तिळाला कुटताना थोडं तेल सुटतं, त्यामुळे वेगळं तूप लागत नाही. सगळं परातीत एकत्र मळा आणि कोरड्या हाताने वळा. मिश्रण कोरडं वाटलं तर आणखी थोडा खजूर घाला, पाणी घालू नका. पाण्याने लाडू लवकर खराब होतात. हाताला फार चिकटत असेल तर लाडू तिळात घोळवा. पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे साधारण पंचाहत्तर लाडू होतात.

दोन गोष्टी स्पष्ट सांगते, कारण विक्रीच्या कागदावर भलतंच लिहिलेलं असतं. साखर-गूळ घातला नाही म्हणजे लाडू गोड नाही असं होत नाही. खजुरात साखर असतेच, तेव्हा मधुमेह असलेल्या मैत्रिणीने एका लाडवावर थांबावं. आणि तीळ-खजूर चांगले असले तरी अंगात रक्त कमी असलेल्या बाईचं औषध लाडवाने होत नाही. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

आता मुख्य गोष्टीकडे येते. चूल नको म्हटलं की स्वयंपाकघर नको, आणि स्वयंपाकघर नको म्हटलं की कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी परवानगीने बसायची गरज उरत नाही. समाजमंदिराच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात, झाडाखाली परात मांडून हे लाडू होतात. आणि उघड्यावर बसलं की दिसायला लागतं, कुणाचे हात कामाला आहेत.

कारण आपल्याकडे विधवा बाईला सणाच्या कामातून कुणी सूट दिलेली नाही. तीळ तीच निवडते, दाणे तीच कुटते, लाडू तीच वळते. मग संध्याकाळी सतरंजी अंथरली जाते, हळदीकुंकवाची ताटली बाहेर येते आणि ही माजघरात निघून जाते. कुणी तिला हाकलत नाही. हाकलावं लागतच नाही, इतकं ते तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. तिच्या हातचा लाडू चालतो, तिचा हात चालत नाही. नवऱ्याने टाकलेलीची, घटस्फोट घेतलेलीची, लग्नच न केलेलीची गत फार वेगळी नाही.

यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट जास्त बोचते. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत यवतमाळ होता. पॅकेजचं पुढे काय झालं यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मागे राहिलेल्या बाईचं काय झालं, ते तिला विचारा. मदत मिळायची तर आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. त्यासाठी सातबारा लागतो, थकलेल्या कर्जाचा कागद लागतो. सातबारा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असला की तिची वणवण सुरू होते. सरकारची पात्र-अपात्र यादी निदान कागदावर असते, तिच्याविरुद्ध दाद मागता येते. गावाची यादी कुठेच लिहिलेली नाही. संक्रांतीच्या संध्याकाळी ती आपोआप वाचली जाते, आणि बऱ्याचदा वाचणाऱ्या आपणच बाया असतो.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनासाठी आधी नयनतारा सहगल यांना निमंत्रण होतं. ते मागे घेतलं गेलं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. त्यानंतर उद्घाटन केलं ते याच जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी, आणि अशाच स्त्रियांच्या जगण्यावरच्या ‘तेरवं’ या नाटकात काम करणाऱ्या. एका लेखिकेचं निमंत्रण काढून घेतलं गेलं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण वैशालीताई त्या व्यासपीठावर ज्या धीराने उभ्या राहिल्या, त्याचं मोल त्यामुळे कमी होत नाही. ते दिवसही संक्रांतीचेच होते. साहित्याच्या मांडवात शेतकरी विधवेने दीप लावलेला साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या गावोगावच्या हळदीकुंकवात तिच्यासारख्या किती जणींना बोलावणं गेलं असेल? व्यासपीठावरचा मान एका दिवसाचा असतो. आपल्याला हवी आहे ती सतरंजीवरची जागा, आणि ती दरवर्षीची.

ही मागणी आपण आज नव्याने करत नाही. सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात महिला सेवा मंडळ काढलं आणि जानेवारी १८५२ मध्ये तिळगूळ समारंभ घेतला. कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स अध्यक्ष होत्या. कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवण्यात येईल, असं त्या समारंभाच्या निमंत्रणातच जाहीर केलं होतं. तेव्हाच्या पुण्यात हे किती अवघड असेल याची कल्पना करा. त्या समारंभात हळदीकुंकू होतं. पण जाजम एक होतं. तिथून पुढचं पाऊल टाकायचं काम आपलं आहे.

यावर आपल्या संघटनांमध्ये दोन मतं आहेत, आणि दोन्ही मी ऐकत आले आहे. एक मत म्हणतं, विधवांनाही हळदीकुंकू लावा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. हे मोठं काम झालं. दुसरं मत म्हणतं, बाईची ओळख कुंकवावरून ठरवणंच मुळात बंद करा. मी दुसऱ्या बाजूची आहे. आपल्या जिल्ह्यात गोंड, कोलाम बाया आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आणि मुसलमान मैत्रिणी आहेत. कुंकवाची ताटली फिरली की यातल्या कित्येक जणी अवघडून बसतात. लाडवाचं तसं नाही. हात पुढे केला की तो मिळतो, कपाळ पाहावं लागत नाही.

म्हणून या संक्रांतीला गटांनी एवढं करून पाहावं. बोलावणं ‘हळदीकुंकू’ म्हणून न देता ‘तिळगूळ मेळावा’ म्हणून द्यावं, आणि ते एकट्या बायांच्या घरी स्वतः जाऊन द्यावं. नुसता निरोप पाठवला तर त्या येणार नाहीत. इतक्या वर्षांची सवय निरोपाने मोडत नाही. लाडू सगळ्यांनी मिळून, उघड्यावर बसून वळावेत. ज्या वळतील त्याच वाटतील आणि त्याच घेतील. पहिला लाडू कुणी कुणाला द्यायचा याचा मान ठरवत बसू नये. वर्तुळात बसून शेजारणीने शेजारणीला द्यावा. एखादीचं मन धजलं नाही तर तिला ओढू नये, पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावं.

आणि जे गट लाडू विकणार आहेत त्यांनी हिशेब नीट धरावा. खजूर निवडण्यापासून शेवटचा लाडू वळेपर्यंत चौघींना दोन-दोन तास लागले, तर ते आठ तास झाले, म्हणजे एक पूर्ण रोजी. ती रोजी त्या पंचाहत्तर लाडवांच्या किमतीत घातलीच पाहिजे. बोरं वेचायला, वाळवायला, कुटायला लागलेला वेळ वेगळा मोजा. कच्च्या मालाचे पैसे सुटले म्हणजे नफा झाला, असं मानायला आपल्याला घराने शिकवलं आहे. कापूस वेचताना आपण किलोचा भाव विचारतो, मग लाडू वळताना का विचारू नये? जिच्या घरात कमावणारी ती एकटीच आहे, तिला या हिशेबाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गावात कुरकुर होईल, सासवा बोलतील, एखादा पुढारी वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांवर आपलं नाव छापून आणील. डबे नम्रपणे परत करा. मेळावा झाला की आम्हाला लिहा : किती जणी आल्या, कोण पहिल्यांदा आली, कोण दारातून परत गेली आणि का. परत गेलेलीबद्दल जरूर लिहा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू, आणि तिला आत आणण्यासाठी काय करता येईल ते मिळून ठरवू.

तिळगूळ सगळ्या मिळून घेऊ. गोडच बोललं पाहिजे असं मात्र नाही. जे खरं आहे तेही बोलू.