परीक्षा चालकाची की सीमारेषेची?

सीमाभागातील खेड्यातून अपरात्री एखाद्या अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यावयाची वेळ येते, तेव्हा गाडीपेक्षा गाडी हाकणाऱ्याची पारख महत्त्वाची ठरते. घाबऱ्या नातलगाने ‘औरादला चला’ म्हणावे आणि परक्या चालकाने मोबाइलच्या नकाशावर विसंबून भलत्याच औरादची वाट धरावी, हे येथे अशक्य नाही. एक औराद बीदर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. दुसरे औराद शहाजानी, लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातले. गाणगापूरचा यात्रेकरू गाणगापूर रोड स्थानकावर उतरतो, परंतु दत्तक्षेत्र तेथून वीसेक किलोमीटर दूर आहे. मांजरेला पूर आला की कोणता पूल पाण्याखाली जातो आणि कोणत्या वाटेने वळावे, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती माणसांचे प्राण सोपवावेत काय?

सरकार मात्र या माहितीची चौकशीच करीत नाही. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत रस्त्यावरील खुणा, वाहतुकीचे नियम, अपघातप्रसंगीची कर्तव्ये आणि रेल्वे फाटकावरील दक्षता यांविषयी विचारतात. ते आवश्यकच आहे. पुढे 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि 2024 साली घटनापीठाने तो कायम केला, की साडेसात हजार किलोच्या मर्यादेतील हलक्या वाहनाचे लायसन असणाऱ्यास टॅक्सी चालविण्यासाठी वेगळी नोंद नको. गरीब चालकाचा हेलपाटा वाचला, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु उतारूंची ने-आण करणाऱ्यास अधिक काही विचारण्याची जागाही त्याबरोबर नाहीशी झाली.

लंडनच्या टॅक्सीवाल्याला 1865 पासून शहराच्या माहितीची परीक्षा द्यावी लागते. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे 25,000 रस्ते त्याला मुखोद्गत करावे लागतात. इंग्लंडातील कित्येक लहान जिल्हा मंडळेही अशी परीक्षा घेतात. महानगराला जे आवश्यक, ते खेड्याला अनावश्यक कसे? शहरात वाट चुकली तर दहा मिनिटे जातात. आमच्याकडे रात्र जाते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील टॅक्सीचालकांची मुलखाच्या माहितीची परीक्षा व्हावी. दवाखाने, पूल, फाटे, यात्रास्थाने आणि पावसाळी वळणवाटा एवढाच तिचा अभ्यासक्रम असावा. ती तोंडी असावी, विनाशुल्क असावी, आणि मराठी, कन्नड, उर्दू यांपैकी चालक म्हणेल त्या भाषेत असावी.

येथे एक कडू गोष्ट स्वकीयांनाही सांगितली पाहिजे. 2016 साली महाराष्ट्र सरकारने रिक्षाच्या परमिटसाठी मराठीची सक्ती केली आणि 2017 साली मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मराठीचा अभिमान सीमावासीयांना कोणी शिकवावयास नको. तो आम्ही रोज जगतो. परंतु भाषेची सक्ती मुंबईत न्याय्य आणि बीदरात अन्याय्य, असे दुहेरी माप हाती घेऊन न्यायाच्या दारात उभे राहता येत नाही. चालकाला मुलूख ठाऊक आहे की नाही आणि उतारूशी चार शब्द बोलता येतात की नाही, हे पाहावे. त्याची मातृभाषा पाहू नये.

अशी परीक्षा झाल्यास आमचे चालक उत्तीर्ण होतील, यात शंका नाही. अनुत्तीर्ण होईल ती सीमारेषा! उदगीर, निलंगा, अहमदपूर, भालकी, हुमनाबाद आणि आजच्या औराद तालुक्याचा मुलूख हा सारा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत एकाच बीदर जिल्ह्याचा भाग होता. त्या दिवशी जिल्हा फुटला. सोयरीक, बाजार आणि दवाखाना फुटले नाहीत. चालकाचे लायसन भारतभर चालते, पण गाडीचे साधे राज्य परमिट प्रतिस्वाक्षरीवाचून सीमा ओलांडू शकत नाही. विनापरमिट गाडी चालविल्यास दहा हजार रुपयांचा दंड आहे. आणीबाणीच्या रुग्णापुरती कायद्यात सूट आहे, तीही सात दिवसांत अधिकाऱ्यांस कळविण्याच्या अटीवर. पण पुढच्या आठवड्यात टाके काढावयास उदगीरला जाणाऱ्या त्याच बाळंतिणीने काय करावे? अखिल भारतीय पर्यटक परमिट आहे. परंतु एका गाडीवर संसार चालविणाऱ्याने ते कमलनगर-उदगीर फेऱ्यांसाठी का घ्यावे?

मोटार वाहन कायद्याच्या 88 व्या कलमानुसार दोन राज्यांना परस्पर करार करता येतो. बंगळूर आणि मुंबई येथील सरकारांनी सीमावर्ती तालुक्यांच्या टॅक्सींसाठी तो करावा. हा विलीनीकरणाला पर्याय नव्हे. ती मागणी आम्ही तसूभरही सोडलेली नाही. महाराष्ट्राचा दावा 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, आणि निकालाची वाट पाहण्याचा धीर आम्हांजवळ आहे. तो धीर अडलेल्या बाळंतिणीजवळ कोठून असणार?